फक्त बघायची परवानगी

त्या वर्षी आईला रोज संध्याकाळी एक नवा आजार व्हायचा. एके दिवशी पित्ताशयात खडे, दुसऱ्या दिवशी अर्धशिशी, मग दमा, मग छातीत धडधड. आजार ठरला की ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायची, गालांवर पावडर थापायची, ओठांना जुनी लिपस्टिक लावायची आणि कण्हायला सुरुवात करायची. समोर तिची लेक दोन्ही हात पाठीमागे गुंतवून उभी राहायची आणि अदबीने विचारायची, "मी तुमच्याशी थोडं बोलू का?"

"बोला की. बोलायला काय जातंय," आई म्हणायची.

"आई, परदेशी पेशंट असं नाही बोलत."

"मग कसं बोलतो?"

"'जरूर, डॉक्टर' म्हणतो. आणि सगळं संपलं की 'थँक यू, डॉक्टर' म्हणतो."

"बरं व्हायच्या आधीच थँक यू? फारच सभ्य माणसं दिसतायत," आई म्हणायची आणि पुन्हा पहिल्यापासून कण्हायला लागायची. ते थँक यू मात्र तिला कधी जागेवर घेता आलं नाही. मधेच कुठेतरी, लेकीचा प्रश्न पुरा व्हायच्या आत, ती ते टाकून मोकळी व्हायची, आणि लेक तिची चूक काढायची.

ही लेक खरीखुरी डॉक्टर होती, आणि ऐरीगैरी नव्हे. सरकारी इस्पितळाच्या सर्जरीच्या वॉर्डात तिने उमेदीची सगळी वर्षं घातली होती. वॉर्डात तिला पाठीमागे 'चाचपणीबाई' म्हणत. हे नाव तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तिथलं सोनोग्राफीचं यंत्र सारखं रुसून बसे, आणि ते रुसलं की बाईंचा हात हेच यंत्र. पोटावर तळवा ठेवण्याआधी ती दोन्ही हात एकमेकांवर चोळून ऊन करी, नजर खिडकीबाहेर लावी आणि बोटांनी ऐकत राही. मग सांगे, "अपेंडिक्स नाही, आतडं अडकलंय. टेबल लावा." पोट उघडलं की तसंच निघे. पेशंट म्हणत, बाईंच्या हाताला गुण आहे.

गुण हाताला आणि बढती दुसऱ्याला, असा मात्र तिथला रिवाज होता. वरची जागा रिकामी झाली तेव्हा ती वॉर्डप्रमुख असलेल्या थोरल्या सरांच्या जावयाला मिळाली. पुढे आणखी एक झाली, ती जावयाच्या मित्राला मिळाली. सर तसे वाईट नव्हते. वाईट असते तर बाईने घरी येऊन दोन शिव्या हासडून मन मोकळं केलं असतं. उत्तम सर्जन होते, तिच्या हाताची किंमत त्यांच्याइतकी कुणालाच कळत नव्हती. फक्त ते जावयाचे सासरे होते. जावयाला पोटात गोळा आहे की गॅस हे कळायचं नाही, तेव्हा तो बाईलाच बोलावून घ्यायचा, आणि केसपेपरवर सही स्वतःची ठोकायचा. गाढवानं ओझं वाहावं आणि भाडं मालकानं घ्यावं, तसंच हे. गाढवाला निदान पदवी तरी नसते.

बाई चाळिशीला टेकली तेव्हा तिच्या मावसभावाचा फोन आला. हा मावसभाऊ तिच्याहून लहान, तिच्याच नोट्स पाठ करून पास झालेला, आणि आता परदेशातल्या एका मोठ्या इस्पितळात बऱ्यापैकी स्थिरावलेला. तिथे गेल्यापासून त्याच्या बोलण्यात एक संथपणा आला होता. जणू प्रत्येक वाक्य आधी इस्त्री करून मग बाहेर काढत होता.

"ताई, आमच्याकडे ऑब्झर्व्हरशिप असते," तो म्हणाला. "बाहेरचे डॉक्टर येतात, काही आठवडे नुसतं उभं राहून बघतात. विभागप्रमुखाच्या मनात भरलीस तर ते शब्द टाकतात, आणि त्या शब्दावर इथे नोकरीचं दार उघडतं. मी असाच आत आलो. पण वयाची अट आहे. यंदा नाही, तर कधीच नाही."

बाईने अर्ज केला, आणि काय नवल, होकार आला. इस्पितळातून बिनपगारी रजा मिळाली. सर म्हणाले, "जा, बघून ये, जग केवढं मोठं आहे," आणि जावयाचा चेहरा मात्र खरोखर उतरला, कारण आता गोळा की गॅस हे त्याला स्वतःच ठरवावं लागणार होतं. व्हिसाचे कागद गेले. आता तयारी तेवढी उरली, आणि तयारीचे धडे मावसभाऊ स्वतः देणार होता. उंटावरून शेळ्या हाकायची हौस त्याला पहिल्यापासून होतीच. आता उंटही परदेशी मिळाला होता.

"एक गोष्ट डोक्यात पक्की बसव, ताई," तो पडद्यावरून म्हणाला. "पेशंटला हात लावायचा नाही. काही झालं तरी नाही. माझ्याबरोबर एक जण होता. म्हातारा पेशंट पलंगावरून उतरताना डगमगला, याने धरला. दुसऱ्या दिवशी याला नारळ."

"मग काय पडू द्यायचा होता?"

"धरायला तिथली माणसं असतात. तू निरीक्षक. तू धरलंस आणि त्याला काही झालं, तर वकील इस्पितळाच्या दारात. तुझं काम बघणं."

"बघणं हे काम आहे?"

"इथे आहे," तो म्हणाला.

सुगरणीला सांगावं की चुलीकडे नुसती बघत बस, तसंच हे झालं. पण गरजवंताला अक्कल नसते. बाईने मनावर घेतलं, आणि ती एकदा मनावर घेई तेव्हा ते अर्धवट नसे. दुसऱ्या दिवसापासून राउंडला तिचे हात पाठीमागे गेले. ज्युनियर पोट तपासायचा, बाई नुसती बघायची. बोटं पाठीमागे वळवळायची. तिने ती एकमेकांत घट्ट रुतवून ठेवली. पहिल्या दिवशी तर तिच्या नखांचे वळ उठले.

"काय गं, हात गहाण टाकलेस की काय?" सर म्हणाले. वॉर्ड हसला. बाईही हसली.

हळूहळू सवय लागली. इतकी लागली की एकदा भूल पुरती न उतरलेला एक तरणा पेशंट ढकलगाडीवरून कडेला सरकला, आणि बाई हाताच्या अंतरावर असूनही तिचे हात मागेच राहिले. वॉर्डच्या सिस्टरने पळत येऊन त्याला धरला. ज्या नजरेने तिने बाईकडे पाहिलं, त्या नजरेने आपण रस्त्यावर गंमत बघत उभ्या असलेल्या माणसाकडे बघतो. बाईला लाज वाटली. आणि त्या लाजेच्या खाली, खोल कुठेतरी, आपण पास झालो असंही वाटलं. हे तिने कुणाला सांगितलं नाही.

हाताची तयारी वॉर्डात झाली, तोंडाची तयारी घरी. तिथे म्हणे पेशंटशी बोलायची संधी कधीमधी मिळते, तीही तिथला डॉक्टर समोर असताना, आणि मग विचारतात, 'काय पाहिलं? काय वाटतं?' परवानगी कशी मागायची, मधे तोंड न घालता कसं ऐकायचं, फापटपसाऱ्यातून कामाचं तेवढं कसं उचलायचं, हे सगळं घोटायला पेशंट हवा होता. घरात आईशिवाय होतंच कोण?

आणि आई तर जन्माची नकलाकार. वडील बाईच्या शाळेच्या दिवसांतच गेले. त्यानंतर आईने बस-खात्याच्या तक्रारींच्या खिडकीमागे नोकरी केली, निवृत्त होईपर्यंत. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि संध्याकाळी भात शिजेपर्यंत लेकीला त्यांच्या नकला करून दाखवायच्या. रागावलेला पेन्शनर, छत्री हरवलेली शिक्षिका, तोंडात सुपारी धरून भांडणारा ठेकेदार. "माणूस खरी तक्रार आधी कधी सांगत नाही," ती म्हणायची. "आधी सांगतो बस उशिरा आली. मग सांगतो कंडक्टर उद्धट होता. आणि खिडकीवरून वळता वळता हळूच सांगतो, 'मी बसमध्ये पडलो हो, आणि कुणी उचललं नाही.'" लेकीला हे लहानपणापासून पाठ होतं. पेशंटचंही अगदी तसंच असतं, हे तिने पुढे वॉर्डात कितीदा तरी अनुभवलं होतं. ज्युनियरांना ती हेच शिकवायची.

तर त्या दिवशी आजार होता पित्ताशयातले खडे. लेकीने आईला आधी सगळं समजावलं. उजवीकडे, बरगडीच्या खाली दुखतं, तेलकट खाल्लं की वाढतं, पाठीत कळ जाते. आईने डोळे मिटून पाठ केलं आणि मग असा काही चेहरा केला की लेकीला हसू आवरेना. दुखणं बरोबर सांगितलं, तेलकट बरोबर सांगितलं, पाठीतली कळ तर अशी सांगितली की खुर्चीच मागे सरकली. आणि शेवटी, लेक प्रश्न संपवून मागे सरत असताना, आई म्हणाली, "आणि इकडे खाली, उजव्या अंगाला, गोळ्यासारखं लागतं. कूस बदलली की कळतं."

"आई, खाली नाही. पित्ताशय वर असतं."

"माझं खाली असेल."

"आई! नीट कर ना. खड्यांमध्ये खाली गोळा नसतो."

"नसतो?"

"नसतो."

"बरं, नसतो तर नसतो," आई म्हणाली. "थँक यू, डॉक्टर."

मग अर्धशिशीचा दिवस आला. त्या दिवशी मावसभाऊही पडद्यावर होता, परीक्षक म्हणून. आईने लिपस्टिक जरा जास्तच लावली होती. परदेशातून कुणी बघतंय म्हटल्यावर पेशंटने नीटनेटकं नको का दिसायला? तिने कपाळ दाबून धरलं, दिवा सहन होत नाही म्हणाली, उलटीची उबळ तर इतकी झकास काढली की मावसभावाने टाळी वाजवली. आणि मग म्हणाली, "हल्ली जिना चढला की धाप लागते. दोन घास खाल्ले की पोट भरतं. सगळे कपडे ढगळ झालेत, पिना लावून घालते."

लेकीने सुस्कारा टाकला. "अर्धशिशीत हे काही नसतं, आई."

"अगं, पेशंट काय पुस्तक वाचून येतो का?"

"बरोबर बोलतेय मावशी!" मावसभाऊ पडद्यातून उत्साहाने म्हणाला. "ताई, तुझी पेशंट एक नंबर आहे. मुद्दाम दिशाभूल करणारी लक्षणं पेरतेय. पेशंट अस्संच करतात, आणि नवखा डॉक्टर त्यांच्या मागे भरकटतो. तू ती अलगद बाजूला सारायला शीक. मान डोलव, 'समजलं' म्हण, आणि मूळ आजारावर परत ये."

मग ते शिकणं सुरू झालं. आईने दम्याच्या दिवशी थकवा पेरला, लेकीने मान डोलावली, 'समजलं' म्हणाली आणि दम्यावर परत आली. हृदयाच्या दिवशी आईने पुन्हा तो गोळा आणला, लेकीने तो इतक्या सफाईने बाजूला सारला की मावसभाऊ म्हणाला, "आता तू तयार आहेस."

व्हिसा आला त्या संध्याकाळी शेवटची उजळणी होती. पोटदुखी, साधी. आईने सगळं नीट सांगितलं, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. मग तिने लेकीकडे वर बघितलं आणि पेशंटच्या कण्हत्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर, जरा हात लावून बघता का?"

मावसभाऊ पडद्यात पुढे झुकला. हीच तर खरी परीक्षा! लेकीच्या पाठीमागे बोटं एकदा हलली. मग तिने ते घोटून घोटून बसवलेलं वाक्य म्हटलं, आधी त्यांच्या भाषेत आणि मग आईसाठी आपल्या भाषेत. "माफ करा. मी इथे निरीक्षक आहे. मला फक्त बघायची परवानगी आहे."

"वा!" मावसभाऊ म्हणाला.

आई उठून भांडी घासायला लागली. त्या दिवशी ती थँक यू म्हणाली नाही, आणि लेकीच्याही ते लक्षात आलं नाही.

निघायचा आठवडा आला. बॅग मोठी आणली होती तरी मिटेना. थंडीचा कोट, पुस्तकं, बूट, आणि आईने कोंबलेली उशी, कारण परक्या उशीवर लेकीची मान धरते. "बस तू वर, मी चेन ओढते," लेक म्हणाली. आई बॅगेवर बसली. बॅग काही दबली नाही.

"तू बसलीयेस ना नीट? जोर दे."

"दिला. सगळा दिला."

लेकीने गुडघे टेकून कशीबशी चेन फिरवली. दोघी दमल्या, दोघी हसल्या. "आता मला उठव," आई म्हणाली. लेक मागे गेली, तिने आईच्या कमरेभोवती हात घातले आणि तिला वर ओढलं. आई भलतीच हलकी लागली. आणि लेकीचा उजवा तळवा आईच्या पोटावर खाली, उजव्या अंगाला दाबला गेला.

तो तिथेच थांबला.

कितीतरी दिवस बिनकामाचा राहिलेला तो हात काही विसरलेला नव्हता. कडक, वेडावाकडा गोळा, पोटाच्या मागच्या भिंतीला धरून बसलेला. लिंबाएवढा नव्हे, चांगला मुठीएवढा. लेकीच्या डोक्याला कळायच्या आधी तिच्या बोटांना कळलं होतं, आणि मग डोक्याने कितीही नाही म्हटलं तरी बोटं ऐकेनात.

"आई, पलंगावर आडवी हो."

"आता गं कशाला? आज कुठला आजार?"

लेकीने हात चोळून ऊन केले, नजर खिडकीबाहेर लावली. बाहेर समोरच्या इमारतीत कुणीतरी चादर झटकत होतं. तिची बोटं फिरत राहिली आणि ती चादर तिला दिसेनाशी झाली. मग तिने ओलं फडकं आणलं आणि आईच्या तोंडावरची पावडर पुसली, लिपस्टिक पुसली. खाली ओठ पांढरेफटक होते. पापणी ओढून बघितली. तिथेही रक्ताचा मागमूस नव्हता. ज्या पेशंटला वॉर्डाच्या दारातून बघूनही तिने ओळखलं असतं, ती पेशंट रोज संध्याकाळी दोन हातांवर, दिव्याखाली, रंग लावून बसत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. हिच्या तर मांडीवर कळसा होता, आणि ही वळशाची तालीम करत होती.

"तू सांगितलं का नाहीस?" लेक ओरडली. खरंच ओरडली; आपल्या आवाजाची तिलाच भीती वाटली.

"सांगितलं की," आई म्हणाली. "गोळा सांगितला. धाप सांगितली. कपडे सांगितले."

"ते नाटकात!"

"मग कुठे सांगायचं? सरळ सांगितलं असतं तर तू बॅग भरली असतीस का? तुझा जन्म त्या जावयाच्या सह्या बघण्यात गेला असता. म्हटलं पेशंट म्हणून सांगू. काही असेल तर डॉक्टरला कळेलच. नसेल तर नसेल." ती उठून बसली, कपडे नीट केले. "आणि तू म्हणालीस ना, नसतो म्हणून. मी विचारलं पण होतं. नसतो? तू म्हणालीस, नसतो. मला बाई किती बरं वाटलं. त्या रात्री मी छान झोपले."

पोटच्या डॉक्टरणीने सांगितलं होतं की गोळा नसतो. दुसरं मत घ्यायला आई कशाला कुठे जाईल?

"शेवटी तर म्हटलं, हात लावून बघ," आई हळूच म्हणाली. ती रागावून बोलत नव्हती. खिडकीवर आलेल्या माणसाची हकिगत सांगावी तसं सांगत होती.

पुढचं सगळं भराभर झालं, जसं डॉक्टरांच्या घरी होतं. कुणी रांगेत उभं केलं नाही. सीटीचे फोटो सरांनी स्वतः प्रकाशात धरून पाहिले. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच गोळा होता, मागे चिकटलेला, आणि लिव्हरवरही त्याचे ठिपके होते. "उघडून बघू," ते म्हणाले. "निघाला तर काढू." बाईने असं वाक्य किती नातेवाइकांना सांगितलं होतं! त्या वाक्याचा अर्थ तिच्याइतका कुणाला माहीत असणार? तरीही ते ऐकताना तिला सामान्य नातेवाइकासारखी आशा वाटली. आशेला शिक्षण लागत नाही.

मावसभावाला कळवलं. त्याला वाईट वाटलं, खरंच वाटलं. मग इस्त्री केलेल्या आवाजात तो म्हणाला, "ताई, ऑपरेशन एक-दोन आठवडे पुढे नाही का ढकलता येणार? एवढी तयारी केलीस. ही जागा गेली तर परत नाही गं." बाईने फोन ठेवून दिला. त्या माणसाशी ती पुढे कधी या विषयावर बोलली नाही. पण तिला सगळ्यात जास्त चीड आली ती याची, की त्याचं वाक्य ऐकून क्षणभर, एकच क्षणभर, तिने मनात हिशेब केला होता.

ऑपरेशनच्या दिवशी ती हात धुऊन, गाऊन चढवून थिएटरमध्ये गेली तेव्हा सर दारात आडवे आले.

"तू नाही," ते म्हणाले. "स्वतःच्या माणसावर हात चालवायचा नाही. नियम आहे, आणि चांगला नियम आहे."

"सर, मी नुसती मदतीला—"

"भिंतीशी उभी राहा. बघ. हात लावायचा नाही."

समोर मदतीला जावई उभा राहिला. बाई भिंतीशी उभी राहिली. तिने हात पाठीमागे नेले; ते आपोआपच गेले, एकमेकांत गुंतले आणि गप्प राहिले. किती सुरेख तयारी झाली होती! बोटं वळवळली नाहीत, पाय पुढे सरकला नाही. परदेशातला कुठलाही विभागप्रमुख तिच्यावर खूश झाला असता. भूलतज्ज्ञाच्या यंत्राची टिकटिक, दिव्याखालचा हिरवा कपडा, आणि त्याच्यामधल्या चौकोनात आई. फक्त चौकोनच दिसत होता. आईचा असा एवढाच तुकडा तिने कधी पाहिला नव्हता.

सरांनी हात आत घातला. बाईला आत काय आहे ते दिसत नव्हतं, पण सरांचं कोपर दिसत होतं. ते फिरलं, थांबलं, पुन्हा थोडं फिरलं, आणि मग सैल पडलं. ते कोपर तिने हजार वेळा वाचलं होतं. जावई विचारत होता, "सर, सोडवून घेऊ या का?" आणि सर मान हलवून म्हणाले, "नको. अन्नाची वाट तेवढी मोकळी करून देऊ, आणि बंद करू." जावयाला अजून कळलेलं नव्हतं. भिंतीशी उभ्या असलेलीला कळून चुकलं होतं.

टाके घालायला सुरुवात झाली तेव्हा सरांनी वळून तिच्याकडे पाहिलं. तोंडावर मास्क होता, डोळेच तेवढे दिसत होते.

"पाहिलंस?" ते म्हणाले.

"पाहिलं, सर," ती म्हणाली.

आईला लेकीच्याच वॉर्डात ठेवलं, खिडकीजवळच्या पलंगावर. सिस्टरने उशी नीट केली, जाताना बाईच्या पाठीवर हात ठेवला. दुपारी आई पुरती शुद्धीवर आली. ओठ कोरडे होते. लेकीने कापूस भिजवून ते पुसले. बराच वेळ आई वॉर्डाकडे बघत राहिली. लेकीचं कामाचं ठिकाण ती इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बघत होती.

"कुणी केलं ऑपरेशन?" तिने विचारलं.

"सरांनी."

"आणि तू?"

"मी बघत होते."

"हात नाही लावू दिला?"

"नाही."

"मग तयारी वाया नाही गेली म्हणायची," आई म्हणाली. तिने टोमणा मारला नव्हता. टोमणा असता तर लेकीला तो झेलता आला असता. आईला खरोखरच तेवढंच म्हणायचं होतं, की लेकीचे कष्ट कुठेतरी कामी आले.

लेक पलंगाच्या कडेला उभी होती आणि तिचे हात अजून पाठीमागेच होते. आईच्या ते लक्षात आलं.

"आता लाव की," ती म्हणाली. "आता कोण हाकलतंय तुला?"

लेकीने हात पुढे घेतले. सवयीने एकमेकांवर चोळले, ऊन होईपर्यंत चोळले, आणि मग आणखी थोडा वेळ नुसतेच चोळत राहिली, कारण त्या हातांना आता शोधायला काही उरलं नव्हतं. मग तिने उजवा तळवा हळूहळू पट्टीच्या बाजूला नेला. तो अजून टेकलाही नव्हता, तोच आईने डोळे मिटले.

"थँक यू, डॉक्टर," ती म्हणाली.

नेहमीसारखंच, चुकीच्या जागी. या वेळी लेकीने तिची चूक काढली नाही.